१० बाय १२ च्या हॉलला ४३ इंची टीव्ही घ्यावा की ५५ इंची?

खोलीच्या मापापेक्षा सोफ्यावर बसून डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप लावा. जे इंच येतील त्यांना १.६ ने भागा. १२ फुटांच्या भिंतीला सोफा टेकवला तर समोरची भिंत १० फुटांवर येते, त्यातले साधारण साडेसात फूट उरतात, म्हणजे ९० इंच, भागाकार ५६. तेव्हा ५५ इंची घ्या, पण फोर-केच, म्हणजे जास्त बारकावे दाखवणारा. केबलवर एसडी, म्हणजे कमी स्पष्टतेच्या चॅनेलच्या मालिकाच बघायच्या असतील तर मात्र ४३ बरा. मोठ्या पडद्यावर ते चित्र फारच धूसर दिसतं.

आणि हो, ५५ हे कर्णाचं माप. रुंदी जवळपास १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट. आमच्या शोकेसचा खण पावणेचार फुटांचा निघाला, सुताराला परत बोलवावं लागलं! आधी तेवढ्या मापाचे पेपर भिंतीला चिकटवून बघा.