विचारा सरांना : ७४ टक्के पडले तरी आयटीआय?

प्रश्न : सर नमस्कार, माझा मुलगा यंदा दहावीला आहे, सहामाहीत ७४ टक्के पडलेत. त्याला आयटीआयला मशिनिस्ट ट्रेड, म्हणजे मशीनवर लोखंडाचे भाग बनवायचं शिक्षण, घ्यायचाय. माझ्या भावाचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे, सुट्टीत तिथं जाऊन बसायला लागला तेव्हापासून डोक्यात तेच. आमचे मालक शिरोलीला फाउंड्रीत फेटलिंगला आहेत १६ वर्षं, ते म्हणतात मी धूळ खाल्ली तेवढी बास, पोरानं सायन्सच घ्यायचं. नणंद म्हणते एवढे मार्क असून आयटीआय, लोक काय म्हणतील. रोज वाद चाललाय, पोरगं जेवताना मान वर करत नाही. काय करू?
– एक आई, शिये

उत्तर : ताई, आधी मालकांचं म्हणणं नीट ऐका, ते उगाच आडमुठेपणा करत नाहीयेत. फेटलिंग म्हणजे कास्टिंगवरचं, साच्यात ओतलेल्या तुकड्यावरचं, जास्तीचं लोखंड दिवसभर ग्राइंडरनं घासून काढायचं, कानात आवाज, नाकात धूळ, हे १६ वर्षं केलेल्या माणसाला आपलं पोर त्याच गेटातनं आत जाताना बघवत नाही. पण त्यांना एक विचारा, तुमच्याच कंपनीत मशीन शॉपला ड्रॉइंग वाचून व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचं, सेटिंग करणारा जो माणूस आहे त्याचा पगार किती आणि तो काय शिकलाय? गेट एकच असलं तरी हातात ट्रेड नसताना आत जाणं वेगळं आणि ट्रेड शिकून जाणं वेगळं, आणि तुमच्या पोराला नेमकं ते दुसरं पाहिजे.

मी टेक्निकल हायस्कूलच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं शिकवलं. पोरांना सुरुवातीला लोखंडाचा तुकडा आणि कानस द्यायचो, बाजू सपाट करा म्हणून. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडाकडं धरायचं, फटीतनं उजेड दिसला की परत घासायचं, असं दिवसेंदिवस, हाताला फोड यायचे. एक पोरगं गणितात कायम काठावर पास, ते एकदा लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कापायच्या मशीनवर, टेपर मारायला, म्हणजे निमुळता आकार काढायला, उभं राहिलं. टेपरचा कोन काढायला मोठ्या व्यासातनं लहान व्यास वजा करायचा, त्याला लांबीच्या दुपटीनं भागायचं, येतो तो त्या कोनाचा टॅन. त्यानं वहीत मांडलं, टेबलात कोन बघितला, कंपाउंड, म्हणजे हत्यार धरणारा लेथचा भाग, तेवढा फिरवून जॉब, म्हणजे तो तुकडा, काढला, आणि तो गरम जॉब हातात धरून मला म्हणालं, सर, टॅन म्हणजे हे व्हय? मला आजही भरून येतं ते आठवलं की. डोकं नसलेल्यांनी हातकाम करायचं असं जे आपल्यात म्हणतात ना, त्याचा मला मनापासून राग आहे.

आता वाट सांगतो. मशिनिस्ट, फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड, वेल्डर एक वर्षाचा. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे इंजिनिअर व्हायचा रस्ता बंद होत नाही, हे मालकांना दोनदा सांगा. आयटीआय झाल्यावर कंपनीत अप्रेंटिसशिप करता येते, त्याला १९६१ चा कायदा आहे, शिकता शिकता स्टायपेंड मिळतो.

पण ताई, सगळं गोड नाही. सुरुवातीचा पगार कमीच असतो, आणि नुसता जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर होऊन बसला तर वर्षानुवर्षं तिथंच राहतो, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकायचंच असं त्याला आत्तापासून सांगा. फॉर्म भरायच्या आधी बापलेक दोघांनी मिळून आयटीआय बघून यावा, मशीनखाली ताज्या चिप्स, म्हणजे कापलेल्या लोखंडाचे तुकडे, पडलेल्या दिसतात का बघा, झाकून ठेवलेल्या मशीनवर कोण शिकत नाही. आणि ७४ टक्के आहेत तर दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमाचा फॉर्म पण भरा, मग पोराला ठरवू दे. नणंदबाईंचं नंतर बघू.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. घरातला मिक्सर, इस्त्री मीच दुरुस्त करते. मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय पण पप्पा म्हणतात पोरींचं काम नव्हे ते.
– एक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : बाळ, आपल्या राज्यात आयटीआयच्या ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव असतात, पप्पांना हे सांग. दहावीला विज्ञानातला विजेचा धडा आणि गणित पक्कं कर. आणि इस्त्री उघडायच्या आधी प्लग काढून हातात धरतेस ना? नुसतं बटण बंद करून भागत नाही, सॉकेटचं वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही आत करंट असतो. ही सवय आत्तापासून लाव, आणि पुढच्या वेळी मिक्सर उघडशील तेव्हा पप्पांना शेजारी बसवून घे, टेस्टर त्यांच्या हातात दे.