आधी उताराचा कोन, मग बर्फाची परीक्षा

प्रिय,

बर्फात खड्डा खणून थर वाचायला शिकलो की हिमस्खलनाच्या दृष्टीने कोणता उतार सुरक्षित आहे हे स्वतःला ठरवता येईल, असे तू लिहिले आहेस. शिकण्याची तुझी तळमळ मला मोलाची वाटते, पण नेमक्या याच समजुतीची काळजीही वाटते.

हिमस्खलनात स्कीवरून जाणाऱ्यांचा घात बहुधा भुसभुशीत बर्फामुळे होत नाही, तो एकसंध लादीसारख्या थरामुळे होतो. हिवाळ्याच्या आरंभी बर्फ पातळ असताना जमिनीलगतचे तापमान शून्य अंशाच्या आसपास राहते आणि वरची हवा मात्र कडाक्याची थंड असते. त्या फरकामुळे बाष्प बर्फातून वर सरकते आणि तळाचे कण मोठे, कंगोरेदार व साखरेसारखे सुटे होतात. निरभ्र, शांत रात्री पृष्ठभागावर दवासारखे जमणारे नाजूक हिमस्फटिकही पुढच्या हिमवर्षावाखाली गाडले गेले की तितकेच घातक ठरतात. असा कमकुवत थर कित्येक आठवडे टिकतो, आणि त्यावर वाऱ्याने आणून घट्ट बसवलेली लादी वरून अगदी मजबूत भासते. तुझा भार त्या थरापर्यंत पोहोचला की तो एका जागी मोडतो, तडा क्षणात दूरवर धावतो आणि लादी अनेकदा तुझ्या वरच्या बाजूला तुटते. जीवघेण्या अपघातांत बहुतेक वेळा हा भार बळी पडलेल्याचा किंवा त्याच्याच सोबत्याचा असतो.

खड्ड्यातली परीक्षा अवश्य शीक. ३० सेंटिमीटर बाय ९० सेंटिमीटरचा स्तंभ कापून त्याच्या एका टोकावर थापा मारल्यावर तडा दुसऱ्या टोकापर्यंत गेला, तर परतायला तेवढे कारण पुरेसे आहे. तडा गेला नाही, तर मात्र ती पुढे जाण्याची परवानगी समजू नकोस, कारण शंभर पावलांवर खडकाजवळ बर्फ पातळ असेल आणि तिथे तोच थर सहज मोडेल.

म्हणून आधी कोन. लादीची स्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. डोळ्यांचा अंदाज चुकतो. नकाशा पाहा आणि जागेवर कोनमापकाने खात्री कर. तू सपाटीवर असलास तरी वर तीव्र उतार असेल तर निर्धास्त राहू नकोस, कारण खालून चालणाऱ्याच्या भारानेही वरची लादी सुटू शकते. खाली घळ किंवा कडा असेल, तर लहानसे स्खलनही प्राणघातक ठरते.

हिमस्खलनाच्या इशाऱ्यात धोक्याच्या ज्या पाच पायऱ्या असतात, त्यांपैकी तिसरी पायरी मधली म्हणून मध्यम समजू नकोस. जीवघेण्या अपघातांचा मोठा वाटा ती पायरी जाहीर असलेल्या दिवशीच घडतो. ताजे स्खलन, पायाखालून येणारा धप्प आवाज, स्कीपासून पसरणाऱ्या भेगा, जोरदार हिमवर्षाव किंवा वारा, अचानक वाढलेली उष्णता, यांपैकी काहीही आढळले तर तीव्र उतार सोडून दे, खड्डा खणत बसू नकोस. काल तिथून कोणी सुखरूप उतरले, याला मी पुरावा मानत नाही. उतार सुटला नाही म्हणजे निर्णय बरोबर होता असे ठरत नाही, आणि म्हणूनच नुसत्या अनुभवाने माणूस या विषयात चुकीचेही शिकतो.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब कांडी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवेच, आणि धोक्याचा पट्टा एकेकाने ओलांडायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची. गाडल्या गेलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे सोबत्यांचा सराव हाच खरा आधार आहे.

या हिवाळ्यात ३० अंशांखालीच राहा, आणि कोणत्याही एका सोबत्याने नको म्हटले तर कारण न मागता सर्वांनी परतावे, असे निघण्यापूर्वीच ठरवा. पहिल्या मार्गाचा नकाशा मला पाठव. त्यातले तीव्र तुकडे आणि त्यांच्या खालून जाणाऱ्या वाटा मी खुणा करून परत पाठवीन.

तुझा हितचिंतक