‘समस्थानिक’ म्हणजे एकाच जागचे का?

प्रश्न आमच्या शेजारच्या बी.एस्सी.च्या मुलीचा. समुद्रातल्या प्लवकांवरच्या (प्लँक्टन, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणारे जीव) टिपणाचं मराठी करताना तिनं लिहिलं होतं, ‘प्लवकांतील कार्बनचे समस्थानिक व विद्राव्य कार्बन डायऑक्साइड’. मग विचारलं, “काका, समस्थानिक म्हणजे समुद्रात एकाच जागी सापडणारे का हो?”

नव्हे. हे स्थान मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीतलं. १९१३ साली फ्रेडरिक सॉडींनी ‘आयसोटोप’ हा शब्द रूढ केला. तो त्यांना सुचवला डॉ. मार्गारेट टॉड यांनी. ग्रीक ‘आयसोस’ म्हणजे सम, ‘टोपोस’ म्हणजे स्थान. आपण तो तुकड्याला तुकडा लावून घेतला. कार्बन-१२ आणि कार्बन-१३, दोघांतही प्रोटॉन सहाच, म्हणून सारणीत घर एकच. कार्बन-१३मध्ये न्यूट्रॉन एक जादा.

गंमत अशी, की शब्द समानतेचा आणि तुझा विषय मात्र त्या जादा वजनाचा. प्रकाशसंश्लेषणात हलका कार्बन-१२ जरा लवकर उचलला जातो. कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत भाजीचे ढीग लागले की आपण चोखंदळ होतो, तुटवडा असला की पिशवीत येईल ते घेतो. वनस्पती-प्लवकांचंही तसंच. पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुबलक असला की जड कार्बन-१३ मागे राहतो. कमी असला की तोही आत घेतला जातो. गार पाण्यात हा वायू जास्त मावतो (कोमट झालेला सोडा आठव), म्हणून अंटार्क्टिकाभोवतीच्या प्लवकांत कार्बन-१३चं प्रमाण उष्ण कटिबंधातल्यांपेक्षा कमी भरतं. पेशीचा आकार, वाढीचा वेग यांचाही हात असतोच. आपल्या उसाची तऱ्हा आणखी वेगळी: तो भातागव्हाइतका चोखंदळ नाही, म्हणून त्याच्यात कार्बन-१३ जास्त; त्यामुळे मधात उसाची साखर मिसळली तर ती याच कार्बन-१३वरून पकडता येते.

‘प्लवक’ला हात लावू नकोस. ‘प्लव’ म्हणजे तराफा. ‘प्लँक्टन’च्या मूळ ग्रीक शब्दात भटकणं आहे, आपल्यात तरंगणं. प्रवाह नेईल तिकडे जाणाऱ्या जिवांना तराफाच शोभतो. त्याच धातूचा ‘प्लवंग’ म्हणजे माकड, हे जाता जाता.

खरी चूक ‘विद्राव्य’मध्ये आहे. पेय म्हणजे पिण्याजोगं, तसं विद्राव्य म्हणजे विरघळण्याजोगं. साखर डब्यात असतानाही विद्राव्यच असते; चहात ढवळली की विरघळलेली. आणि इथं तर सगळा हिशेब प्रत्यक्षात किती विरघळलाय यावरच आहे. सरळ ‘पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड’ लिही. लांब होतं, होऊ दे.