शिकून काय होणार, मावशी?

प्रश्न: मावशी, मी दांडिया बाजारात राहते, थर्ड इयर बीएस्सीला आहे. दादा बीकॉम करून मोबाईलच्या दुकानात बसतो, त्याला बघून पुस्तक उघडलं की पहिलं मनात येतं, कशाला? सरांना विचारलं तर म्हणाले, पॉझिटिव्ह राहा. म्हणजे नक्की काय करू?

उत्तर: अगं, ते "पॉझिटिव्ह राहा" ऐकलं की माझंही डोकं फिरतं. चार्ल्स स्नायडर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते, ते म्हणायचे आशेत दोन गोष्टी लागतात, ठरवलंय तिथे जायच्या वाटा दिसणं आणि त्या वाटेनं आपण चालू शकू असं वाटणं. बहुतेक कॉलेजं एकच वाट दाखवतात, मार्कशीट आणि प्लेसमेंट, ती अडली की पोरं बसलीच.

आपल्या बडोद्याचंच बघ ना. सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब १९१३ ला अमेरिकेत कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले, तिथून पुढे लंडनला, १९१७ ला इथे नोकरीला आले तर ज्या गावानं शिकायला पैसे दिले तेच राहायला खोली देईना, जातीपायी. कमाठी बागेत झाडाखाली बसले होते ते, पुढे बडोदं सोडलं, १९१८ ला मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले आणि १९२० ला राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत लंडनला गेले. नुसती स्कॉलरशिप पुरत नाही गं, पण ती वाट बंद झाल्यावर दुसरी काढायला शिक्षणच हाताशी होतं.

मी स्वतः सेकंड इयरला केमिस्ट्रीत उडाले होते. लेक्चर वगैरे काही न देता मॅडमनी माझ्या जर्नलच्या मागच्या पानावर पेन्सिलीनं तीन ओळी लिहिल्या, पेपर परत कधी द्यायचा, कुठल्या लॅबमध्ये जाऊन विचारायचं, आणि आधी उडून पुढे नोकरीला लागलेल्या एका सिनिअरचं नाव. ते पान बरीच वर्षं जपलं होतं मी.

तूही सरांकडे परत जा, पण "काय होणार" विचारू नकोस, मागच्या तीन बॅचची मुलं आज काय करतात ते विचार, त्यांना माहीत नसेल तर म्हणावं दोघातिघांना वर्गात बोलवा, एखादा नापास झालेलाही चालेल.

आणि झोप-जेवण उडालं असेल तर एवढ्यावर थांबू नकोस, १४४१६ ला फोन लाव, मनाच्या त्रासासाठीची टेली मानस ही सरकारी लाईन आहे, फुकट आहे.

दादाचं म्हणशील तर बीकॉमवाला आहे ना तो, त्या दुकानाचं जीएसटी रिटर्न कोण भरतं, विचार बरं त्याला.