‘लाभार्थी’ सगळ्यांना एकच कसा?

प्रश्न असा आहे: कामगार विमा, रोजगार हमी आणि निराधारांचे अनुदान या तिन्हींच्या बातम्यांत ‘लाभार्थी’ हाच शब्द येतो. तो बरोबर आहे का?

व्याकरणाने शब्द निर्दोष आहे. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा. विद्या इच्छिणारा तो विद्यार्थी, तसा लाभ इच्छिणारा तो लाभार्थी. पण आपले कायदे या तिघांना एका रांगेत उभे करत नाहीत.

कर्मचारी राज्य विमा 1948 च्या कायद्याने आला. त्यात कामगाराच्या वेतनातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी जाते. आजारपणात हाती येणाऱ्या पैशासाठी त्याने आधीच वर्गणी भरलेली असते. तो विमेदार आहे, लाभ इच्छिणारा नव्हे. हा कायदा, 1952 चा भविष्यनिर्वाह निधीचा, 1972 चा ग्रॅच्युइटीचा असे नऊ कायदे 2020 च्या संहितेत एकत्र केले गेले. तिच्या नावात ‘कल्याण’ नाही, ‘सामाजिक सुरक्षा’ आहे, आणि ते मला फार योग्य वाटते. कल्याण कोणीतरी आपले करतो. सुरक्षा आपल्याला असावीच लागते.

रोजगार हमीत माणूस काम मागतो खरा, पण 15 दिवसांत काम मिळाले नाही तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. महाराष्ट्राने 1977 च्या कायद्यात ‘हमी’ हा शब्द घातला तो याच अर्थाने. इथे ‘हक्कदार’ म्हणावे.

उरले निराधार. संविधानाचा अनुच्छेद 41 बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत मदतीची तजवीज करायला सांगतो, पण राज्याच्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत. आणि हे निदेशक तत्त्व असल्याने त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. म्हणजे ‘लाभार्थी’ शोभलाच तर इथे शोभेल. पण आपल्याच राज्यातल्या योजनेचे नाव पाहा: ‘श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना’. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेली बाई कुठल्या नोकरीतून निवृत्त झाली? तरीही सरकारने ‘वेतन’ हाच शब्द निवडला. गावात तर त्याला सरळ ‘पगार’ म्हणतात: “म्हातारीचा पगार आला का?” पगार म्हणजे कष्टाचे पैसे. म्हणून तिलाही मी ‘लाभार्थी’ म्हणणार नाही, ‘निवृत्तीवेतनधारक’च लिहीन.