युरोपची सहल, दोन फोन आणि मध्येच येणारे स्वित्झर्लंड

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकहून आपले आई-वडील मे महिन्यात तेरा दिवसांच्या सहलीला निघाले आहेत. लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, ऱ्हाइनचा धबधबा, ल्युसर्न, वाडुझ, इन्सब्रुक, व्हेनिस आणि रोम असा मार्ग आहे. वडिलांचा फोन जुना आहे, आईचा नवा आहे, आणि ‘युरोपात चालणारे’ एकच सिमकार्ड घेऊन भागेल, की भारतातल्याच कंपनीचे रोमिंग घ्यावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी नोकरीनिमित्त सहा वर्षे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला राहिलो आहे आणि त्या काळात घरी आलेल्या बऱ्याच पाहुण्यांचे फोन मार्गी लावले आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगतो. वडिलांच्या फोनवर भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक घ्यावा, आईच्या फोनमध्ये फक्त डेटासाठी ई-सिम (म्हणजे प्रत्यक्ष कार्डाऐवजी कोडने फोनमध्ये उतरवायचे सिम) टाकावे, आणि दोघांचीही भारतीय सिमकार्डे एक दिवसही फोनबाहेर काढू नयेत. भारतीय क्रमांक ओटीपीसाठी आणि परदेशी जोडणी इंटरनेटसाठी, एवढी विभागणी पाळली की पुढच्या बहुतेक अडचणी उद्भवतच नाहीत.

आता ‘युरोपात चालणारे’ या शब्दांकडे येतो, कारण खरी गोम तेथेच आहे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधले जादा रोमिंग शुल्क रद्द केले आणि २०२२ मध्ये तो नियम आणखी दहा वर्षांसाठी वाढवला. त्यामुळे पॅरिसला घेतलेले कार्ड ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, इन्सब्रुक आणि रोम येथे फ्रान्समधल्याच दराने चालते; डेटाच्या वाजवी वापराला तेवढी मर्यादा असते. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेन्स्टाइन हे तीन देशही या व्यवस्थेत आहेत. स्वित्झर्लंड मात्र त्यात नाही, आणि ब्रिटनही ब्रेक्झिटनंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यापासून त्यातून बाहेर आहे. आपल्याकडच्या सहलींची गंमत अशी की त्यांत हे दोन देश हमखास असतात. शिवाय स्वित्झर्लंड चारही बाजूंनी या व्यवस्थेतल्या देशांनीच वेढलेले असल्यामुळे बसमध्ये बसलेल्या माणसाला आपण कधी आत गेलो आणि कधी बाहेर आलो, याचा पत्ताही लागत नाही.

याचा धडा मला २०१८च्या उन्हाळ्यात मिळाला. माझे सासू-सासरे पॅरिस पाहून रेल्वेने बाझेलला यायचे होते. सासऱ्यांनी तेथल्या एका दुकानातून एका फ्रेंच कंपनीचे कार्ड घेतले होते आणि दुकानदाराने ते सगळ्या युरोपात चालेल असे छातीठोकपणे सांगितले होते. मुलूझ सोडेपर्यंत ते चाललेही. गाडी स्वित्झर्लंडमध्ये शिरली आणि शिल्लक रक्कम काही मिनिटांत संपून फोन मुका झाला. बाझेलच्या स्थानकावर ते एका टोकाला आणि मी दुसऱ्या टोकाला, अशी पाऊण तास आमची चुकामूक सुरू होती. शेवटी त्यांच्या डब्यातल्या एका प्रवाशाने आपला फोन दिला तेव्हा मला ते सापडले. सासऱ्यांना पैसे गेल्याचे दुःख विशेष नव्हते, पण ‘हा युरोप नाही तर काय आहे’ हा त्यांचा प्रश्न पुढे आठवडाभर जेवणाच्या टेबलावर येत राहिला.

आपल्या मार्गावर ही सीमा आणखी दोन ठिकाणी फसवते. ऱ्हाइनचा धबधबा स्वित्झर्लंडमध्ये शाफहाउझेनजवळ आहे, पण जर्मनीची हद्द तेथून अगदी जवळ असल्याने फोन कधी स्विस, तर कधी जर्मन टॉवर पकडतो. वाडुझ ही लिक्टेन्स्टाइनची राजधानी, म्हणजे कागदोपत्री तेथे युरोपीय कार्ड जादा शुल्काशिवाय चालायला हवे. परंतु ऱ्हाइन नदीच्या पलीकडच्या काठावर स्वित्झर्लंड आहे, आणि फोनला नदी दिसत नाही, त्याला फक्त जोरदार रेंज दिसते. बाझेलला तर मी स्वतःच्या घरी बसलेलो असताना जर्मनीत आपले स्वागत असल्याचा संदेश येत असे. म्हणून पॅक असो वा ई-सिम, त्याच्या नावातल्या ‘युरोप’ या शब्दावर विसंबू नये. देशांची पूर्ण यादी उघडून तीत स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि लिक्टेन्स्टाइन ही तीन नावे प्रत्यक्ष लिहिलेली आहेत का, हे पाहावे. तिन्ही असतील तर वरची सगळी कथा आपल्यापुरती निकालात निघते.

वडिलांसाठी भारतीय कंपनीचा पॅक सुचवण्याचे कारण किंमत नाही. तो ई-सिमपेक्षा महागच पडतो. पण त्यात नवे काही बसवायचे नसते, क्रमांक तोच राहतो, घरून केलेला साधा फोन त्यांना लागतो, आणि ज्यांचा हात फोनच्या सेटिंगमध्ये फारसा जात नाही त्यांना विमानतळावर काहीही करावे लागत नाही. पॅक घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे मूळ रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाणारी हवी. रोमिंगचा पॅक शिल्लक आणि मूळ रिचार्ज संपलेला, अशा अवस्थेत अडकलेले प्रवासी मी पाहिले आहेत. दुसरी, दहा दिवसांचा पॅक तेरा दिवसांना पुरणार नाही, हे उघड असूनही स्वस्त दिसतो म्हणून लोक तोच घेतात आणि रोममध्ये पॅकबाहेरच्या दराने बोलतात. त्या दरात आलेल्या फोनचेही पैसे लागतात. तिसरी, पॅकचा एक दिवस पहिल्या वापरापासून २४ तासांचा धरला आहे, की भारतीय वेळेनुसार रात्री बाराला बदलतो, हे अटींमध्ये वाचावे. मे महिन्यात पॅरिस भारताच्या साडेतीन तास मागे असते, म्हणजे भारतातली मध्यरात्र तेथे संध्याकाळी साडेआठलाच होते.

आईच्या फोनबाबत प्रथम तो ई-सिम घेऊ शकतो का, हे तपासा. डायल करण्याच्या जागी *#०६# दाबल्यावर येणाऱ्या यादीत आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक क्रमांक दिसला, तर फोन ई-सिमसाठी योग्य आहे. आयफोनमध्ये ही सोय २०१८ मध्ये आलेल्या एक्सएस मालिकेपासून आहे. खरेदी कोठून करावी, याबाबत एक सावधगिरीची सूचना: परदेशी प्रवासासाठीची सिमकार्डे भारतात विकायला दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये एरालो आणि होलाफ्लाय या दोन प्रसिद्ध कंपन्यांची ॲप भारतातल्या ॲप स्टोअरवरून काढली गेली होती. त्यामुळे परवानगी असलेल्या भारतीय विक्रेत्याकडून घेणेच श्रेयस्कर. पैसे रुपयांत जातात आणि अडचण आल्यास मराठीत किंवा हिंदीत बोलायला माणूस मिळतो.

ई-सिम बसवण्याचे काम आपण नाशिकमध्येच, घरच्या वाय-फायवर, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी करून द्यावे. त्यासाठी इंटरनेट लागते आणि क्यूआर कोड दुसऱ्या पडद्यावर किंवा कागदावर समोर असावा लागतो. या दोन्ही गोष्टी हीथ्रोवर सामानाच्या पट्ट्याजवळ उभे राहून जमवणे वयस्कर माणसाला जड जाते. मुदत केव्हापासून मोजली जाते, हे मात्र आधी वाचा. बहुतेक ई-सिम परदेशातले नेटवर्क मिळाल्यावर सुरू होतात, काही मात्र बसवल्या क्षणापासून. बसवलेले ई-सिम चालत नाही म्हणून घाईने पुसून टाकू नये, असे आईंना बजावून सांगा, कारण तो कोड बहुधा एकदाच वापरता येतो.

त्यानंतर फोनमध्ये दोन ओळी दिसतील. त्यांना ‘भारत’ आणि ‘प्रवास’ अशी नावे द्या. मोबाइल डेटासाठी ‘प्रवास’ निवडा आणि तिचे डेटा रोमिंग चालू ठेवा. ई-सिम स्वतःच दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवर पाहुणे म्हणून चालत असल्यामुळे ते बंद ठेवले तर इंटरनेट मिळणार नाही, आणि ‘रोमिंग बंद ठेवा’ हा ऐकीव सल्ला पाळणारे नेमके येथेच अडतात. ‘भारत’ ओळ चालू ठेवा, पण तिचे डेटा रोमिंग बंद करा. आयफोन असेल तर एका ओळीचा डेटा गेल्यास दुसरीवर आपोआप जाण्याची मुभा देणारे बटणही बंद करा, नाहीतर आल्प्सच्या एखाद्या बोगद्यात ‘प्रवास’ची रेंज गेली की फोन निमूटपणे ‘भारत’वर सरकण्याचा प्रयत्न करतो. आयमेसेज आणि फेसटाइम हेही आयफोनमध्ये क्रमांकाची खातरजमा करण्यासाठी परदेशी क्रमांकावर गुपचूप एसएमएस पाठवतात. नवी ओळ जोडल्यावर हे पुन्हा घडू शकते, म्हणून घरीच बंद केलेले बरे.

आता ओटीपी. भारतीय क्रमांकावर परदेशात येणारे एसएमएस बहुतेक योजनांमध्ये मोफत असतात, मात्र त्यासाठी त्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असावे लागते. ते निघण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमधून सुरू करून ठेवा, कारण आईंच्या क्रमांकावर पॅक घेतला नसला तरी संदेश येण्यापुरती ही सोय हवीच. जाण्याच्या तोंडावर भारतीय सिम बदलून त्याचे ई-सिम करून घेण्याचा मोह टाळावा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, यूपीआयची नोंदणी पुन्हा करावी लागते, आणि हे सगळे नेमके बॅग भरण्याच्या दिवशी निस्तरावे लागते. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू आहेत का, तेही पाहा. रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमांनुसार ग्राहकाने सांगितल्याशिवाय नव्या कार्डावर ते सुरू केले जात नाहीत, आणि ओटीपी आला तरी कार्डच नाकारले जाते तेव्हा लोक विनाकारण फोनला दोष देतात. आयफेल टॉवरच्या तिकिटासाठी यूपीआय २०२४ पासून चालते, पण सहलीत भरवसा कार्डावरच ठेवावा.

व्हॉट्सॲपचे तसे काहीच करायचे नाही. ते जुन्या क्रमांकावर, नव्या डेटावर, जसेच्या तसे चालते. नवे सिम दिसले की ॲप कधी कधी ‘क्रमांक बदलायचा आहे का’ असे विचारते, तेथे ‘नाही’ म्हणायचे, इतकेच. दूरसंचार विभागाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अशा ॲपना ती नोंदणीच्या सिमशी बांधून ठेवण्याचा आदेश दिला आहे, त्यामुळे भारतीय कार्ड पाकिटात न ठेवता फोनमध्येच ठेवण्याला आणखी एक कारण मिळाले आहे. फोटोंची आपोआप साठवण फक्त वाय-फायवर ठेवा. माझ्या पाहुण्यांचा डेटा बोलण्यापेक्षा बर्फाच्या फोटोंनीच अधिक संपला आहे. हॉटेलच्या शहरांचे गुगल नकाशे आधीच उतरवून घेतले, तर रेंज नसतानाही रस्ता सापडतो.

विमानात फोन फ्लाइट मोडवर हवाच, आणि तो केवळ सुरक्षेसाठी नव्हे. अनेक विमानांत स्वतःचे मोबाइल नेटवर्क असते. फ्लाइट मोड लावला नसेल तर फोन त्याला चिकटतो आणि त्याचा दर देशांसाठीच्या पॅकमध्ये धरलेला नसतो. वडिलांच्या बाबतीत हे विशेष सांगावे, कारण पॅक घेतला म्हणजे सगळे झाले, अशी त्यांची समजूत होणे स्वाभाविक आहे.

घरच्या सर्व मंडळींचे आणि सहल व्यवस्थापकांचे क्रमांक अधिक चिन्हासह, म्हणजे +९१ लावून, दोन्ही फोनमध्ये साठवा आणि एका कागदावरही लिहून द्या. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक त्यांच्या मार्गावरच्या सर्व देशांत चालतो, ब्रिटन आणि स्वित्झर्लंड धरून. आपल्याकडेही तोच असल्यामुळे वेगळे पाठ करायची गरज नाही.

आईंचा फोन ई-सिम घेणारा नाही असे आढळले, तर लंडनला उतरल्यावर प्रत्यक्ष कार्ड घेता येते. ब्रिटनमध्ये प्रीपेड कार्ड सुपरमार्केटमध्येही ओळखपत्राशिवाय मिळते. जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये पासपोर्ट दाखवून नोंदणी करावी लागते. मात्र ब्रिटिश कार्ड युरोपीय देशांत कोणत्या दराने चालेल, हे आता प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते, आणि सहलीच्या बसला दुकानाबाहेर थांबायला वेळ नसतो. शिवाय त्यांच्या फोनमध्ये दोन कार्डांची जागा नसेल तर भारतीय कार्ड काढावे लागेल, म्हणजे ओटीपी बंद. अशा वेळी आईंच्याही क्रमांकावर भारतीय पॅक घेणे मला योग्य वाटते, किंवा खर्च वाचवायचाच असेल तर वडिलांच्या फोनवरून हॉटस्पॉट घ्यावा; फक्त मग व्हेनिसच्या गर्दीत दोघांनी एकमेकांपासून लांब जायचे नाही. फोनचे मॉडेल कळवलेत तर कोणते बटण कोठे आहे, तेही लिहून देईन.