वाचक विचारतात : बेडरूमला एसी एक टनाचा की दीड टनाचा?

प्रश्न : आमचा फ्लॅट इंदिरानगरला, बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यावर. बेडरूम १० बाय १२, भिंत पश्चिमेची आणि खिडकीपण त्याच भिंतीला. झोपणारे आम्ही दोघं आणि मुलगा. दुकानदार म्हणतो डोळे झाकून दीड टन घ्या, आमचे मेव्हणे म्हणतात एवढ्याशा खोलीला एक टन बास झाला, लाइटबिल कशाला वाढवता. कोणाचं ऐकू?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : मेव्हण्यांचा हिशोब बरोबर आहे हो, फक्त तो तुमच्या खोलीचा नाहीये. १२० स्क्वेअर फुटापर्यंत एक टन, १८० च्या आसपास दीड, हा ठोकताळा मधल्या मजल्यावरच्या साध्या खोलीचा. एसीचं काम गरमी बाहेर काढायचं, त्यामुळे आत गरमी किती येते हे आधी बघायचं, क्षेत्रफळ नंतर. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (हे उष्णतेचं माप) गरमी बाहेर काढायची ताकद, वॅटमध्ये धरा ३,५००. (बर्फाच्या जमान्यातलं माप आहे, साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासात वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढं.)

आता नाशिकला मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो पण रात्री बाहेर हवा बरी सुटते, मग टॉप फ्लोअरच्या बेडरूममध्ये अकरा वाजता पण घाम का येतो? स्लॅबमुळे. दिवसभर तापलेलं काँक्रीट अंधार पडल्यावर ती गरमी खाली सोडत बसतं. रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावून बघा आणि मग पश्चिमेच्या भिंतीला, दोन्ही चांगलेच गरम लागतील, आणि नेमके तेव्हाच तुम्ही दार लावून एसी चालू करणार. माणसांची गरमी त्यामानाने किरकोळ, शांत झोपलेल्या मोठ्या माणसाची १०० वॅटच्या आतबाहेर.

म्हणून खोली आहे तशीच राहणार असेल तर दीड टन घ्या, इन्व्हर्टरवाला (बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा स्पीड कमी-जास्त करणारा एसी). एक टनाचा घेतलात तर मे महिन्यात कॉम्प्रेसर अर्धी रात्र फुल लोडवर पळेल, खोली काही गार होणार नाही आणि बिल वाचवायचं तर राहूनच जाईल.

पण ते 'डोळे झाकून' मला अजिबात पटत नाही. गरजेपेक्षा मोठा साधा, म्हणजे फिक्स्ड स्पीड एसी खोली झटकन गार करतो आणि बंद पडतो, परत चालू, परत बंद, आणि हवेतला दमटपणा काढायला त्याला वेळच मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळा कोरडा म्हणून तेव्हा कळत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये कळतं, गार पण चिकचिक. इन्व्हर्टर स्वतःचा स्पीड कमी करून चालत राहतो म्हणून त्यात हा त्रास कमी, पण त्यालाही मर्यादा आहे, १२० फुटाला दोन टन लावू नका.

आणि एक काम खरेदीच्या आधी करा. सोसायटीला विचारून तुमच्या खोलीवरच्या गच्चीला पांढरा हीट रिफ्लेक्टिव्ह पेंट मारून घ्या, निदान चुना तरी. खिडकीला शेड बाहेरून करा, आतल्या पडद्यापर्यंत ऊन पोचलं म्हणजे गरमी घरात आलेलीच असते. एवढं झालं तर मेव्हणे जिंकले, एक टनात भागेल.

दुकानात नुसते स्टार मोजत बसू नका, लेबलवर कूलिंग कपॅसिटी वॅटमध्ये असते ती वाचा. दीड टन हिशोबाने ५,२७५ वॅट होतात, पण ४,८०० वालापण दीड टन म्हणूनच विकतात आणि ५,२०० वालापण. तुमच्या स्लॅबखाली हा फरक जाणवणार. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे लेबल कुठल्या मुदतीचं आहे तेही बघा, जुन्या स्टॉकचे पाच स्टार आजचे पाच असतीलच असं नाही.

प्रश्न : पंचवटीत जुना वाडा आहे, जाड मातीच्या भिंती, वर लाकडी माडी. १५० फुटांची खोली, एक टन चालेल का?
(एक वाचक, पंचवटी)

उत्तर : भिंतींचं टेन्शन नको, त्या गरमी लवकर आत येऊ देत नाहीत. तुमचा प्रॉब्लेम फटी. पंखा बंद करून उदबत्ती पेटवा आणि दाराखाली, फळ्यांच्या सांध्यांपाशी धरा, धूर ओढला जातोय तिथूनच गारवा पळणार. खालून फॉल सीलिंग करून फटी बुजवल्या तर एक टन चालेल, नाहीतर दीडसुद्धा कमी पडेल. वाड्याचं वायरिंग जुनं असेल तर मीटरपासून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी टाकल्याशिवाय एसी लावूच नका. आणि खरं सांगू का, फक्त एप्रिल-मेपुरतं हवं असेल तर अशा खोलीत खिडकीतला कूलर छान चालतो, हवा कोरडी असते ना. पाऊस सुरू झाला की मात्र त्याचा उपयोग शून्य.

प्रश्न : हॉलमध्ये दोन टनाचा लावून दारं उघडी ठेवली तर दोन्ही बेडरूम गार होतील?
(एक वाचक, सिडको)

उत्तर : नाही. हॉल गारठेल, बेडरूममध्ये तुम्ही पंख्याखालीच. त्याच पैशात जिथे झोपता तिथे एक टनाचा लावा, २४ वर ठेवा आणि दार बंद करा.